पंप बसवणे, नाटक बसवणे

मराठीत 'बसवणे' हे एकच क्रियापद दोन अगदी वेगळ्या कामांना लागते. विहिरीवर पंप बसवतात आणि जत्रेला नाटक बसवतात. पंप बसवणारा सकाळी येतो, पाइप जोडतो, वायर ओढतो, बटण दाबून पाणी दाखवतो आणि पैसे घेऊन दुपारच्या बसने परत जातो. विहीर कुणी खणली, त्या पाण्यावरून भावाभावांत काय वाद आहे, बागेत माड किती आणि पोफळी किती, हे त्याला ठाऊक नसले तरी पाणी वर येते. नाटक बसवणाऱ्याचे तसे नसते. आमच्या पेडणे तालुक्यात देवळासमोर वर्षानुवर्षे मराठी नाटके होत आली आहेत. गावात जाणता माणूस नसला तर दिग्दर्शक बाहेरून आणतात. तो संहिता घेऊन येतो, पण पहिल्या दोन-चार तालमींत बहुतेक वेळ नुसता बघत असतो. कुणाची जीभ कुठल्या अक्षरावर अडते, कुणाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो, कोण रात्रपाळीला असल्यामुळे उशिरा येणार. महिना-दीड महिना हे चालते. प्रयोगाच्या रात्री तो विंगेत उभा असतो आणि उजेडात सगळी गावची माणसे असतात. पुढच्या वर्षी तोच प्रयोग शेजारच्या गावात करायचा झाला, तर दिग्दर्शक नसला तरी अडत नाही.

धंद्याचे सॉफ्टवेअर बसवायचे म्हटले की आपल्याला पंप आठवतो. माझे म्हणणे असे की ते काम नाटकाच्या जातीचे आहे, आणि बाहेरची कंपनी नेमताना आपण ज्या चुका करतो त्यांतल्या बहुतेक इथूनच सुरू होतात.

मी इब्रामपूरचा. काजूच्या बागायतदारांकडून बी विकत घेऊन, सोलून, प्रतवारी करून गर विकणाऱ्या एका संस्थेचे हिशेब मी बरीच वर्षे पाहिले. संस्थेचे नाव सांगत नाही आणि तिने नेमलेल्या कंपनीचेही सांगत नाही. जे घडले ते पुष्कळ ठिकाणी घडते, आणि त्यात आमचा वाटा कंपनीच्या वाट्यापेक्षा कमी नव्हता.

आम्ही तीन कंपन्यांची कोटेशने मागवली. संचालक मंडळाने तिघांनाही दोनच प्रश्न विचारले: किती पैसे घेणार आणि किती दिवसांत बसवून देणार. ज्याने कमी पैसे आणि कमी दिवस सांगितले त्याला काम मिळाले. पहिल्या बैठकीला कंपनीचा तरुण लॅपटॉप उघडून बसला आणि म्हणाला, 'तुमची प्रोसेस सांगा.' प्रश्न योग्य होता. आमचे चिटणीस म्हणाले, 'काय असणार? बी घेतो, वाळवतो, फोडतो, सोलतो, विकतो.' त्याने ही पाच क्रियापदे लिहून घेतली. तीस दिवसांनी पाच क्रियापदांचे पाच स्क्रीन तयार होते. चहा झाला, फोटो काढला, उरलेला हप्ता दिला.

त्यांतल्या पहिल्या दोनच शब्दांत काय काय दडले होते ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, म्हणून जरा तपशिलात जातो.

'घेतो' हा पहिला शब्द. शेतकरी पोते काट्यावर ठेवतो आणि आपण पावती फाडतो, असे बाहेरून दिसते. पण अर्ध्याअधिक शेतकऱ्यांनी पावसाळ्यात किंवा चवथीच्या खर्चाला संस्थेकडून उचल घेतलेली असते. ती पहिल्या पोत्यातून कापायची की हंगामभर थोडी थोडी, हे माणूस पाहून ठरते. घरात आजारपण असेल तर कापत नाहीत. सरकारची आधारभूत किमतीची योजना आहे. तिचा फरक शेतकऱ्याच्या खात्यात जमा व्हायचा असेल तर संस्थेच्या पावतीवर त्याचे नाव, वजन आणि दर बिनचूक हवा. मग कर. शेतकऱ्याकडून कच्ची काजू बी घेतली की वस्तू आणि सेवा कर शेतकऱ्याने नव्हे, नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा असतो. हिशेबनीस त्याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. बी गोव्यातल्या शेतकऱ्याची असेल तर हा कर केंद्र आणि राज्य अशा दोन भागांत पडतो. पलीकडच्या दोडामार्ग तालुक्यातल्या शेतकऱ्याची असेल तर तो आंतरराज्य कर होतो. पणजीत किंवा पुण्यात बसलेल्या माणसाला ही सीमा नकाशावरची जाड रेघ वाटते. आमच्याकडे ती डोंगराच्या कुशीतून, बागांमधून जाते. पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगिजांकडे गेला. त्याआधी हा सगळा एकच मुलूख होता, आणि नातीगोती व जमिनी अजून त्याच हिशेबाने पसरलेल्या आहेत. एका भावाची बाग इब्रामपुरात आणि दुसऱ्याची दोडामार्गात, दोघांची पोती एकाच टेम्पोत. कंपनीने सॉफ्टवेअरमध्ये राज्य म्हणून 'गोवा' घातले होते, आणि तेही एकदाच, सगळ्यांसाठी.

नावांची गोष्ट याहून वाईट झाली. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची आमच्याकडे रीत आहे आणि वाड्यावर आडनाव बहुधा एकच. त्यामुळे तंतोतंत एकाच नावाची दोन माणसे सहज सापडतात. जुन्या वहीत अशा नावांपुढे 'वयलो', 'सकयलो' असे लिहिलेले असे. वरच्या घरातला, खालच्या घरातला. जुनी माहिती नव्या प्रणालीत भरताना कंपनीच्या मुलांना हे शब्द कळले नाहीत. नावाच्या रकान्यात नाव तेवढे हवे, म्हणून त्यांनी ते काढून टाकले. मग यंत्राला एकच नाव दोनदा आलेले दिसले आणि त्याने दोन खाती एक करायची का असे विचारले. मुलांनी होकार दिला. सकयल्याच्या बियांच्या पैशातून वयल्याची उचल कापली गेली. दोघांनाही ते हंगाम संपेपर्यंत कळले नाही.

दुसरा शब्द 'वाळवतो'. झाडाखालून वेचून आणलेली बी ओली असते. उन्हात घातली की तिच्या वजनातले दहा टक्के, कधी त्याहूनही जास्त, उडून जाते. हे आमच्या लहान मुलालाही ठाऊक आहे आणि म्हणूनच ते कुणी सांगितले नाही. सॉफ्टवेअरच्या लेखी शंभर किलो आत आले तर गोदामात शंभर किलो असायला हवे. मे महिन्याच्या मध्यावर मंडळासमोर कागद आला आणि त्यात लाल अक्षरांत तूट दाखवलेली होती. आकडा लहान नव्हता. सगळ्यांनी कुणाकडे पाहिले? काट्यावरच्या माणसाकडे. तीसेक वर्षे तो काटा सांभाळत होता आणि सगळा गाव त्याला भाऊ म्हणतो. त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. त्याने खुलासा दिला नाही. तो घरी गेला आणि आठ दिवस आला नाही. त्या बैठकीला मी हजर होतो. वजन कुठे गेले हे मला कळायला हवे होते. पण समोर छापील कागद होता आणि कागदावर यंत्राचे नाव होते, आणि मी गप्प राहिलो. दहाव्या दिवशी जुन्या वह्या काढून मागच्या पाच हंगामांची सुकवणीतली घट मोजली, तेव्हा तूट तेवढीच भरली. मंडळाने त्याची माफी मागितली. तो परत काट्यावर बसला. पण त्या आठ दिवसांचे ओझे माझ्या मनावरून उतरलेले नाही, आणि या लेखाचे खरे कारणही तेच आहे.

आमची गोष्ट लहान होती आणि दहा दिवसांत निस्तरली. ब्रिटनच्या टपाल खात्याची निस्तरायला वीस वर्षांहून अधिक काळ गेला. तिथे १९९९ पासून गावोगावच्या टपाल कचेऱ्यांत होरायझन नावाची हिशेबप्रणाली बसवली गेली. ती करून देणारी बाहेरची कंपनी फुजित्सु. प्रणाली तूट दाखवू लागली आणि खाते सब-पोस्टमास्तरांना चोर ठरवू लागले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी घरे विकून न घेतलेले पैसे भरले, काहींनी जीव दिला. प्रणालीत दोष होते हे २०१९ च्या डिसेंबरात न्यायालयाने सांगितले, आणि त्या शिक्षा सरसकट रद्द करायला २०२४ साली संसदेला वेगळा कायदा करावा लागला. या प्रकरणात मला सर्वांत भयंकर वाटतो तो प्रणालीतला दोष नव्हे. दोष असतातच. भयंकर हे की खात्याला स्वतःचे काम तपासण्याची स्वतःची दुसरी रीत उरली नव्हती. वही आणि यंत्र यांत फरक पडला तर कुणाकडे पाहायचे, हे ठरवण्याचा अधिकारच त्यांनी यंत्राबरोबर बाहेर दिला होता. आमच्या संस्थेत जुन्या वह्या माळ्यावर टाकलेल्या होत्या म्हणून भाऊ सुटला. 'आता याची गरज नाही' म्हणून त्या रद्दीत घालायचे ठरलेही होते. ते एका पावसाळ्याने लांबले होते, एवढेच.

इथे कुणी म्हणेल की ही लहान संस्थांची कथा आहे, मोठ्यांकडे शिकलेली माणसे असतात. लिडल ही जर्मनीची प्रचंड किराणा साखळी. तिने २०११ च्या सुमारास आपली जुनी मालप्रणाली सोडून सॅप या सॉफ्टवेअर कंपनीची नवी बसवायला घेतली आणि २०१८ साली, सुमारे पन्नास कोटी युरो गेल्यावर, ते काम बंद केले. त्या वेळी छापून आलेल्या कारणांत एक कारण इतके साधे आहे की मला ते वाचून आमचे चिटणीस आठवले. लिडल आपल्या मालाची किंमत खरेदीच्या दराने धरते. नवी प्रणाली विक्रीच्या दराने धरत होती. कंपनीने आपली रीत सोडायची नाही म्हटले, मग प्रणालीच वाकवावी लागली, आणि ती वाकवता वाकवता सात वर्षे गेली. रीत बदलायची की प्रणाली वाकवायची, याला ठरीव उत्तर नाही. कधी रीत खरीच मोलाची असते, कधी ती नुसती सवय असते. पण हा प्रश्न पहिल्या महिन्यात, घरच्या माणसांनी, स्वतःशी सोडवायचा असतो. सातव्या वर्षी बाहेरच्या माणसाच्या बिलात तो सोडवायची वेळ येते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

वेळेचेही तसेच. आमचे सॉफ्टवेअर १ एप्रिलला सुरू झाले. आर्थिक वर्षाचा पहिला दिवस, हिशेबाला सोयीचा, यात कंपनीला काही वावगे वाटले नाही. पण पेडण्यात १ एप्रिल म्हणजे काजूच्या ऐन हंगामाचा मध्य. डोंगरात बोंडवाचा वास भरलेला, भाट्या पेटलेल्या, काट्यासमोर सकाळपासून रांग. त्या दिवशी कुठल्याही माणसाला नवे काही शिकवू नये. अमेरिकेतल्या हर्शे या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैत नवी प्रणाली सुरू केली आणि त्यांच्या हॅलोविनच्या सणाला, माल गोदामात असूनही, दहा कोटी डॉलरांहून अधिकच्या मागण्या त्यांना पुऱ्या करता आल्या नाहीत. त्यांच्यासाठी जुलै-ऑगस्ट हा आमचा मार्च-एप्रिल होता. हंगाम कधी असतो हे बाहेरच्या कंपनीला माहीत असायलाच हवे असे मी म्हणत नाही. ते तिला निक्षून सांगण्याचे काम आपले होते.

आता महाराष्ट्रातले एक उदाहरण, कारण ते सहकाराचे आहे आणि आपल्याला जवळचे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला तात्यासाहेब कोऱ्यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' नावाचा मोठा प्रकल्प झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावे संगणकाने जोडायची होती. केंद्राचे पैसे, राज्याचे पैसे, थोडे वारणेचे, आणि बांधणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, सगळे गावात येणार होते. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन केंद्रातली माणसे तिथे गेली आणि केंद्रांवर बसून लोक काय करतात ते पाहिले. शेतकरी येत तो आपला ऊस किती भरला, तोडीचा परवाना केव्हा, खत किती उचलले, असले मोजके प्रश्न घेऊन. त्या प्रश्नांना संगणकाची गरजच नव्हती. मग या संशोधकांनी काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस ठेवून पाहिला, आणि काम भागले, तेही स्वस्तात.

या प्रकल्पाला फसलेला म्हणून मोडीत काढणारे लेख मी वाचले आहेत. मला तो अन्याय वाटतो. १९९८ साली सत्तर गावांत संगणक पोचवणे ही साधी गोष्ट नव्हती आणि कारखान्याच्या ऊसनोंदीला त्याचा उपयोग झालाच. मला त्यातून वेगळी गोष्ट दिसते. सर्वांत उपयोगाचा शोध लागला तो कुणीतरी केंद्रावर येऊन बसल्यामुळे, नुसते पाहिल्यामुळे. तो शोध प्रकल्पाच्या आधी लागू शकला असता. तालमी आधी आणि प्रयोग मागून, एवढाच क्रम उलटा झाला होता.

मग बाहेरच्यांना बोलवायचेच कशाला, हा प्रश्न आमच्या आमसभेत विचारला गेला आणि तो रास्त आहे. भारतात घरोघरी पोचलेल्या टॅलीचा जन्म घरातलाच आहे. श्यामसुंदर गोएंकांना आपल्या धंद्याला जमेल असे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरतला, ते लिहायला सांगितले. १९८६ साली त्यातून कंपनी उभी राहिली. मुंबईच्या रुषभ मेहतांचे ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचे सॉफ्टवेअरही घरच्या फर्निचरच्या धंद्यात आलेल्या अनुभवातून निघाले. धंदा जाणणारा आणि संगणक जाणणारा एकाच घरात असणे हा मोठा योग आहे. पण सगळ्यांच्या घरी तो नसतो, आणि तो नसला म्हणून लाजायचे कारण नाही. आमच्या मुलांनी शिकून वेर्ण्याला, पुण्याला, बंगळुरूला जाऊन नोकऱ्या धरल्या, तेही बरेच केले.

शिवाय बाहेरच्या माणसाचा एक गुण घरच्यात नसतो. त्याला माहीत नसते म्हणून तो विचारतो. आमच्याकडे सोलणाऱ्या बायकांना किलोवर मजुरी मिळे. गर अख्खा निघाला तर पूर्ण दर, पाकळी किंवा तुकडा झाला तर कमी. किती कमी, हे मुकादम एका चिठ्ठीवर लिहून ठेवी आणि ती चिठ्ठी आठवड्याच्या शेवटी फाडली जाई. वर्षानुवर्षे तसे चालले होते. त्याच कंपनीच्या त्याच तरुणाने, ज्याने 'वयलो' काढून टाकले होते, विचारले की मजुरीच्या रकान्यात तुकड्याचा दर काय घालू? कुणालाही सांगता येईना. दर आठवड्याला तो वेगळा होता. तो दर पहिल्यांदा मंडळाच्या इतिवृत्तात लिहिला गेला, बायकांना वाचून दाखवला गेला, आणि पुढच्या महिन्यात काहींची मजुरी वाढली. हे आमच्याने, आत राहून, कधी झाले नसते. म्हणून बाहेरच्यांबद्दल तक्रार करताना हाही हिशेब मी त्यांच्या नावावर लिहितो.

प्रश्न बाहेरच्याला बोलवण्याचा नाही. तो आल्यावर त्याच्यासमोर कोण बसते याचा आहे. नाटकाला जसा गावातला एक जबाबदार माणूस लागतो, तालमीच्या वेळा ठरवणारा, नटांची भांडणे मिटवणारा, दिग्दर्शकाला 'हे आमच्याकडे चालणार नाही' असे म्हणू शकणारा, तसा इथेही लागतो. बहुतेक संस्था हे काम ज्याच्याकडे सध्या काम कमी आहे त्याला देतात. ते त्याला द्यायला हवे ज्याच्यावाचून एक दिवस चालत नाही. आमच्याकडे तो भाऊ होता. संगणकाला त्याने कधी हात लावला नव्हता, आणि त्यामुळेच पहिल्या बैठकीला त्याला बोलावलेच नाही.

ही गोष्ट आता एकट्या संस्थेची राहिलेली नाही. २०२२ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. ६३,००० संस्था, २,५१६ कोटी रुपये, पाच वर्षे. म्हणजे संस्थेमागे सरासरी चार लाखांच्या आतबाहेर. सगळ्यांना एकच सामाईक सॉफ्टवेअर, देखरेख नाबार्डची, आणि प्रत्यक्ष संस्थेत जाऊन यंत्रे मांडणे, जुनी माहिती भरणे, सचिवाला शिकवणे हे काम राज्यांनी निवडलेल्या बाहेरच्या कंपन्यांचे. त्या कंपन्यांना सिस्टीम इंटिग्रेटर म्हणतात. योजनेचा हेतू मला पूर्ण पटतो. गावच्या सोसायटीचे हिशेब वर्षानुवर्षे मागे राहतात आणि कर्ज कुणाचे किती हे सचिवाच्या डोक्यात असते, ही अवस्था सहकाराला शोभत नाही. पण या रचनेत ज्या संस्थेत काम व्हायचे ती संस्था कंपनी निवडत नाही, तिच्याशी करार करत नाही, आणि काम झाले नाही तर पैसेही अडवू शकत नाही. दिग्दर्शक तालुक्याने ठरवला आणि मानधन जिल्ह्याने दिले, तर तालमीला तो किती वेळा येईल? यावर माझा उपाय लहान आहे आणि खर्चाचा नाही. कंपनीचा शेवटचा हप्ता संस्थेच्या आमसभेच्या ठरावावर अवलंबून ठेवावा. आमसभेत सभासदाने उठून विचारावे, माझे खाते दाखव, आणि सचिवाने कंपनीच्या माणसाला फोन न करता ते दाखवावे. दाखवले तर हप्ता द्यावा.

कराराबद्दल अजून दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. मुदत दिवसांत मोजू नये. शेतीच्या धंद्यात ती हंगामात मोजावी: एक पूर्ण हंगाम आणि त्यामागचे एक लेखापरीक्षण पार पडेपर्यंत काम संपले असे म्हणू नये. आणि माहिती आपली असल्याचे नुसते लिहून भागत नाही. ती बाहेर काढून दाखवायला लावावी, वर्षातून एकदा तरी, साध्या तक्त्यात, जो दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर उघडेल. आमच्या पहिल्या कंपनीशी संबंध तुटला तेव्हा पासवर्ड तिच्याकडे होते आणि आमचेच दोन वर्षांचे व्यवहार मिळवायला आम्हाला अनेक महिने विनवण्या कराव्या लागल्या. मुक्तस्रोत प्रणालीचा, म्हणजे जिचा कोड कुणालाही खुला असतो तिचा, मला दिसलेला सर्वांत मोठा फायदा ती फुकट असण्याचा नाही. कंपनी बदलली तरी घर बदलावे लागत नाही, हा आहे.

दुसऱ्या वेळी आम्ही घाई केली नाही. पावसाळ्यात, काम कमी असताना, दर शनिवारी बसलो. मी लिहून घेत होतो आणि बाकीचे सांगत होते. 'घेतो' या एका शब्दाला अकरा पाने लागली. मुकादम बाई बोलल्या, टेम्पोवाला बोलला, दोडामार्गातले दोन शेतकरी मुद्दाम आले. भाऊ पहिले दोन शनिवार आला नाही. तिसऱ्या शनिवारी आला, मागे बसला, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला की ओल लिहिलेली नाही. वह्यांतले सगळे 'वयलो-सकयलो' आम्ही एका कागदावर उतरवले आणि त्यासाठी वेगळा रकाना मागितला. त्यानंतर कंपन्यांना बोलावले. एकीने आमचा कागद चाळून बाजूला ठेवला आणि आपल्या सॉफ्टवेअरची चित्रफीत लावली. एकीने तो घरी नेला आणि आठवड्याने सत्तावीस शंका पाठवल्या. तिला काम दिले. ती स्वस्त नव्हती.

त्या कंपनीची एक मुलगी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आली, पहिली पोती येऊ लागली तेव्हा. लॅपटॉप तिने पिशवीतून काढला नाही. सकाळी आठपासून काट्याच्या बाजूला रिकाम्या पोत्यावर बसून राहिली. अकराच्या सुमारास तिने भाऊला विचारले, 'तुम्ही प्रत्येक पोत्यात आधी हात का घालता?' भाऊने तिच्याकडे पाहिले. मग पोत्याचे तोंड तिच्याकडे वळवून म्हणाला, 'बाय, तूच घाल बघू.' तिने कोपरापर्यंत हात घातला. त्याने मूठभर बी उचलून तिच्या कानाशी हलवली, दुसऱ्या पोत्यातली उचलून पुन्हा हलवली. सुकी वाजते, ओली वाजत नाही. तिने विचारले, किती ओल आहे हे तुम्हाला आकड्यात सांगता येते का? तो म्हणाला, आकड्यात कुणी विचारले नव्हते, पण कमी, मध्यम, जास्त एवढे सांगतो. तिने वहीत तीन घरे आखली, आणि त्या दिवशी आलेल्या प्रत्येक पोत्यापुढे भाऊ सांगेल त्या घरात टिंब देत राहिली.